एक्केचाळीस निवट्यांना नोटीस

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. त्या नोटिसा मी नियमाला धरून पाठवल्या होत्या. आमच्या जुईनगरच्या सोसायटीत आता ज्याला जे वाटेल ते तो बोलतो. मी लिफ्टमध्ये शिरलो की वरच्या मजल्यावरची पोरं मुद्दाम बाह्या खाली ओढतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. नियमाची प्रत माझ्याकडे आहे, महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारलेली. कोणीही यावं, बसावं, वाचावं. चहाही मिळेल.

माझी मुलगी प्राची टॅटू काढते. हे एवढं साधं वाक्य सरळ तोंडातून काढायला मला पाच वर्षं लागली. तोवर कोणी विचारलं की "डिझाइनमध्ये आहे" असं म्हणून मी विषय पाण्याच्या टाकीकडे वळवायचो. टाकीवर बोलायला आमच्याकडे माणसं कधी कमी पडत नाहीत. स्टेशनमागच्या गल्लीत गोजराबाईंच्या इमारतीत खाली तिचा गाळा आहे. पाच वर्षांत मी तिथे दोनदा गेलो. एकदा उद्घाटनाला, तेव्हा दाराबाहेर उभं राहूनच पेढा घेतला. आणि एकदा फ्यूज उडाला म्हणून.

या गाळ्याचं नाव झालं ते एका माशामुळे. खाडीकडेला राहत नसाल तर सांगतो, निवटी म्हणजे बोटाएवढा मासा. ओहोटी लागली की हा पाणी सोडून चिखलावर येतो आणि डोळे वटारून बसतो, जसा काही आपणच त्याच्या घरात घुसलोय. इकडचे आगरी-कोळी लोक त्याचं कालवण मिटक्या मारत खातात. मी वाईचा. माझा माशांशी संबंध कृष्णेच्या घाटावर चुरमुरे टाकण्यापुरता. प्राचीची निवटी मनगटाच्या घडीतून वर येते. घडी म्हणजे चिखल, आणि त्यातून अर्धी बाहेर आलेली निवटी, एक पर, म्हणजे माशाचा पंख, पुढे टाकलेला. "बाबा, पाण्यातली असून जमिनीवर राहायला आलीय, बघा ना," असं ती एकदा मला समजावत होती. मी म्हटलं होतं, "पण अंगावर मासा कशाला? मोरपीस काढ की." त्यानंतर तिने मला काही समजावलं नाही.

तर अशा एक्केचाळीस निवट्या तिने लोकांच्या अंगावर काढल्या. आणि एके दिवशी उलव्याच्या स्वानंद नावाच्या टॅटूवाल्याने तीच निवटी आपली म्हणून मोबाइलवर टाकली. खाली लिहिलं होतं, 'माझी स्वतःची कन्सेप्ट'. बरं, चोरी केली ती तरी नीट करावी! त्याची निवटी पालीसारखी दिसत होती. लोक प्राचीला फोन करून विचारायला लागले, "तो पालीचा टॅटू तुम्हीपण काढता का?"

प्राची त्या संध्याकाळी भांडी घासता घासता रडली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो. मुलगी नळ मोठा सोडून रडते तेव्हा बापाला कळत नाही असं तिला वाटतं. उठून जवळ जावं, पाठीवरून हात फिरवावा, हे मला जमत नाही. मला अर्ज करता येतो. चौतीस वर्षं मी सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात काढली आहेत. मी ठरवलं, निवटीची कॉपीराइटला नोंद करायची. पोरीला सांगायचं नाही. सर्टिफिकेट आलं की ताटाशेजारी ठेवायचं.

दुसऱ्या दिवसापासून माझं बूड एका जागी टिकेना. सकाळी सहाला उठून गॅलरी, गॅलरीतून हॉल, हॉलमधून परत गॅलरी. "अहो, जरा बसा, मला गरगरायला लागलं," वैजयंती, म्हणजे आमची सौ., पोळ्या लाटता लाटता म्हणाली. शेवटी खाली गेलो आणि सोसायटीचे सेक्रेटरी नामदेवराव यांना अगदी सहज म्हणून विचारलं. नामदेवरावांना सहज काही विचारायची सोय नाही. त्यांनी खुर्ची ओढली.

"श्यामसुंदरराव, एक सोपी ट्रिक सांगतो. चित्र पाकिटात घाला आणि स्वतःलाच पोस्टाने पाठवा. आलं की फोडायचं नाही. वर तारखेचा शिक्का! कोर्ट काय, कोणीही मान्य करतं."

त्यांच्या सौ. सुमित्राबाई बाजूला मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा पोरीलाच विचारा की, तिला काय हवंय ते." आम्ही दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असल्या तांत्रिक चर्चेत मध्येच कोणी असं बोललं की विचारांची साखळी तुटते.

पण पाठवायला चित्र हवं. आणि इथे मला पहिला धक्का बसला. प्राचीच्या निवटीचं चित्रच नव्हतं! ही पोरगी आधी कागदावर काहीच काढत नाही. समोर माणूस बसला की पेन घेऊन थेट कातडीवर काढते, मग त्यावर मशीन. का, तर म्हणे प्रत्येक मनगट वेगळं, प्रत्येकाचा चिखल वेगळा. मी म्हणतो, असेल वेगळा, पण एक ऑफिस कॉपी ठेवायला काय झालं होतं? तिच्या मोबाइलवर फोटो होते. पण एकात दाट केस, एकात घड्याळाचा पट्टा, एकात मागे वडापाव. सरकारी कागदपत्रांत वडापाव जोडता येत नाही. म्हणून तिने टाकलेला त्यातल्या त्यात बरा फोटो मी मोठा छापून आणला, खिडकीच्या काचेला लावला आणि वर कागद ठेवून निवटी स्वतः गिरवली. दोन तास लागले. मान आखडली. वैजयंतीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "वांगं छान आलंय."

ते पाकीट मी स्वतःला पोस्ट केलं. तिसऱ्या दिवशी आलं, तेव्हा मी बँकेत होतो. वैजयंतीला वाटलं विम्याचं असेल. तिने फोडलं, रिकामं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि वांगं फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. झाला पुरावा!

मग मी रीतसर मार्गाला लागलो. अर्ज ऑनलाइन होता. प्राची घरी नसताना तिच्या नंबरवर ओटीपी मागवणं शक्य नव्हतं, म्हणून अर्जदार म्हणून मी माझं नाव घातलं. पालक या नात्याने. पुढचा रकाना होता, 'कलाकृतीचा कर्ता'. इथे माझं पेन, म्हणजे माझं बोट, थांबलं. अर्जासोबत जोडलेलं चित्र कोणी काढलं होतं? मी. खिडकीवर, मान आखडेपर्यंत. आता दुसरं कोणी असतं तर डोळे मिटून मुलीचं नाव टाकून मोकळं झालं असतं. पण खाली स्पष्ट लिहिलं होतं की वरील माहिती खरी आहे. चौतीस वर्षांत मी एकाही खोट्या माहितीखाली सही केलेली नाही. मी लिहिलं, 'श्यामसुंदर'. आणि पुढच्या पानावर गेलो. खरं सांगायचं तर कर्त्याचा व्यवसायही तिथे विचारला होता, आणि 'सेवानिवृत्त' हा शब्द 'टॅटू' या शब्दापेक्षा मला टाइप करायला सोपा गेला. तेव्हा मला ते जाणवलं नाही. नंतर जाणवलं.

नियम वाचता वाचता मला ते वाक्य सापडलं. अर्जदाराने अर्ज केल्याची सूचना त्या कलाकृतीत हितसंबंध असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला द्यावी. प्रत्येक! माझ्या अंगात वीज संचारली. बाकीचे लोक हे वाक्य वाचून पुढे जात असतील. मी आवक-जावकमधला माणूस. आता मला सांगा, ज्याच्या अंगावर ती निवटी कायमची बसली आहे, त्याच्यापेक्षा जास्त हितसंबंध कोणाचा असणार?

पत्ते प्राचीच्या गाळ्यात होते. टॅटू काढण्याआधी गिऱ्हाइकाकडून ती एक संमतीपत्र भरून घेते. नाव, पत्ता, ॲलर्जी, टॅटू कुठे काढायचा ते. ती जेवायला घरी आली की फाइल गाळ्यातच असते आणि किल्ली चपलांच्या स्टँडवर. फाइल मी एका तासासाठी आणली. चोरी नव्हे; अभिलेख तपासणी म्हणतात त्याला.

मसुदा तयार करायला मला चार दिवस लागले, पण काय मसुदा होता! 'आपणांस कळविण्यात येते की आपल्या शरीरावर, खाली नमूद केलेल्या ठिकाणी, स्थित असलेल्या "निवटी" या कलाकृतीवरील हक्काच्या नोंदणीसाठी अधोस्वाक्षरीकाराने अर्ज केला आहे. आपली काही हरकत असल्यास ती तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली रकाना: कलाकृतीचे स्थान. त्यात संमतीपत्रावरून एकेकाचं स्थान मी सुवाच्य अक्षरात भरलं. उजवे मनगट. डावे मनगट. एक पोटरी. एक डावी बरगडी.

पोस्टात गेलो तर रजिस्टर्ड पोस्ट बंद झालेलं! स्पीड पोस्टात विलीन केलं म्हणे. मी खिडकीशी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. ज्या शब्दाने भल्याभल्यांच्या हाताला कंप सुटायचा, तो शब्दच गेला. "काका, पुढे बघा, लाइन आहे," मागचा माणूस म्हणाला. एक्केचाळीस स्पीड पोस्ट केली. उलव्याच्या स्वानंदलासुद्धा एक पाठवली, कारण त्याचाही हितसंबंध होताच. न्याय म्हणजे न्याय.

तीन दिवस मी टपालाच्या पावत्यांचे नंबर मोबाइलवर टाकून टाकून बघत होतो. चौथ्या दिवशी पहिला फोन आला.

"काका, शिवा बोलतोय, कळंबोली, स्टील मार्केट. लेटर आलंय तुमचं. एकच सांगा, हात घेऊन यायचं की फोटो चालेल?"

"अहो, कुठेही यायचं नाही. ही फक्त सूचना आहे."

"नाही, म्हणजे माझा ट्रेलर उद्या रायपूरला निघतोय. हात राज्याबाहेर न्यायला परवानगी लागेल का?"

मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते दर वाक्याला "बरोबर, बरोबर" म्हणाले आणि शेवटी म्हणाले, "पण काका, पुढील कार्यवाही म्हणजे काय, ते नाही सांगितलंत." खरं तर ते मलाही माहीत नव्हतं. चौतीस वर्षं लिहितोय ते वाक्य, पण कोणी असं तोंडावर विचारलं नव्हतं.

मग दिवसभर फोन. एकाला वाटलं टॅटूवर कर लागला. एकाने विचारलं, निवटी अर्धी पुसली तर हक्क अर्धा होईल का. एकाच्या बायकोने तर मलाच झापलं. बरोबर उत्तर एकट्या स्वानंदने पाठवलं, तेही मोबाइलवर, हसऱ्या चेहऱ्यासकट: 'नो हरकत, अंकल. तुम्हीपण काढा.'

संध्याकाळी गोजराबाई आल्या. इमारत त्यांची, गाळा त्यांचा, आणि त्यांचा नातू प्रीतम याच्या उजव्या मनगटावर निवटी. कपाळावर आडवं कुंकू, हातात माझी नोटीस, आणि मागे जिन्यात बघ्यांची गर्दी.

"ओ मास्तर," त्या मला मास्तर म्हणतात, का ते माहीत नाही. "आमचे प्रीतमचे हातावर तुमचा हक्क हाय, असा कागद आयलाय. खरा हाय का?"

"हातावर नाही हो, चित्रावर."

"चित्र हातावरच हाय ना? मंग हात कुनाचा?"

मी कायद्याची पार्श्वभूमी सांगायला घेतली.

"ऱ्हावद्या," त्या म्हणाल्या. "निवटी आमचे खाडीची हाय. मी पोर होते तवापासून चिखलान हात घालून निवट्या धरल्यान. तुमी एक तरी धरली हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"खाल्ली?"

"नाही."

"मंग?" गोजराबाईंनी जिन्यातल्या गर्दीकडे बघितलं, गर्दीने माझ्याकडे. "पोरीला सांगा, गाला म्हैन्यान खाली करा. आमचे घरात आमालाच नोटीस!"

त्या गेल्या. मी दार लावून घेतलं आणि हॉलमध्ये फेऱ्या घालायला लागलो. सोफा, टीव्ही, दार. दार, टीव्ही, सोफा. गाळा गेला तर पोरीचं काय? पाच वर्षं तिने तिथे एकटीने उभं केलेलं सगळं माझ्या एका मसुद्यापायी जाणार होतं.

प्राची आली ती एकटी नाही आली. तिच्याबरोबर ईश्वरी नावाची एक मुलगी होती, डोळे सुजलेले. डावी बरगडी म्हणजे हीच. हिचं लग्न ठरलं होतं. होणारे सासू-सासरे हॉलची तारीख नक्की करायला घरी बसलेले असताना पोस्टमन आला, आणि तिच्या वडिलांनी माझी नोटीस मोठ्याने वाचली. स्थानासकट. तिच्या घरी टॅटूचा कोणालाही पत्ता नव्हता. सासऱ्यांनी म्हणे एवढंच विचारलं, "हे सरकारी आहे का?" आणि चहा तसाच ठेवून निघाले.

"सॉरी," मी ईश्वरीला म्हटलं. माझ्या तोंडून हा शब्द फार निघत नाही. त्यामुळे तो नीट निघालाही नाही.

प्राचीने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर माझ्या अर्जाची पोच होती. मी घरच्या कॉम्प्युटरवर उघडीच ठेवली होती.

"बाबा, लोक मला अंग देतात. विश्वासाने. जे कोणाला दाखवत नाहीत ते मला दाखवतात. आणि तुम्ही त्यांच्या घरी पत्रं पाठवलीत." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो. "ते जाऊ दे. ते मी निस्तरते. पण हे काय आहे? कर्ता, श्यामसुंदर. निवटी तुम्ही काढलीत?"

"कागदावरची, हो. खोटं कसं लिहिणार?"

"स्वानंदने निदान पाल तरी काढली. तुम्ही तर नुसतं नाव घातलंत."

त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद झालं. प्राची रोज एकेकाला फोन करत होती, एकेकाच्या घरी जात होती. ईश्वरीच्या सासरी तर ती स्वतः जाऊन दोन तास बसून आली; लग्न मोडलं नाही, पण तिथे काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिने सांगितलं नाही. गोजराबाईंपुढेही तीच गेली. गोजराबाईंनी गाळ्याचं पुढच्या महिन्यावर ढकललं. म्हणाल्या, "आधी निवटी कुनाची ते ठरू दे." म्हणजे सगळं पुन्हा त्या अर्जावर येऊन थांबलं. माझा अर्ज मंजूर झाला तर पोरीची कला बापाच्या नावावर. नामंजूर झाला तर उलव्याचा पालवाला मोकळा.

अर्ज मागे घ्यावा असं माझ्या मनात आलं. खोटं बोलत नाही, रोज आलं. पण नामदेवराव म्हणाले, "मागे घेतलात तर तो स्वानंद पेढे वाटेल." आणि मलाही आतून वाटत होतं की चूक आपण सुनावणीत आपणहून, मानाने, दुरुस्त करून घेऊ. मान हा शब्द मी त्या दिवसांत फार वापरत होतो. जेवण जात नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी प्राचीने माझ्या अर्जावर हरकत तयार केली. तिने प्रिंट काढून डायनिंग टेबलवर ठेवली होती, ती मी वाचली. आणि काय सांगू, ऊर भरून आला! विषय, संदर्भ, क्रमवार मुद्दे, शेवटी 'सबब विनंती की'. लहानपणी शाळेच्या रजेचे अर्ज मी तिच्याकडून तीनतीनदा लिहून घ्यायचो, त्याचं चीज झालं होतं. फक्त दुसऱ्या पानावर सही राहिली होती. मी तिच्या ताटाशेजारी चिठ्ठी ठेवली: 'पान २ वर सही राहिली आहे. मुदत शुक्रवारपर्यंत.' तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे न बघता सही केली आणि वरण मागून घेतलं. आईकडून.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी हॉलमध्ये, अर्जदार. प्राची बेडरूममध्ये, दार लावून, हरकतदार. सुरुवातीची दहा मिनिटं माझा आवाज तिच्याकडून आणि तिचा माझ्याकडून असा घुमत राहिला. सुनावणी घेणाऱ्या मॅडम दिल्लीत, पण मूळच्या नागपूरच्या निघाल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"दोघांचा पत्ता एकच आहे का?"

"हो, मॅडम," आम्ही दोघं म्हणालो, चार वेळा ऐकू आलं.

"आणि हे जोडलेलं चित्र काय आहे?"

"निवटी, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी कागद तिरका करून पाहिला, मग उलटा करून पाहिला. मी सांगणार होतो. सगळं वाक्य तयार होतं: सदर कलाकृतीची मूळ कर्ती माझी मुलगी असून नजरचुकीने वगैरे. पण मॅडमनी आधी प्राचीला विचारलं, "तुमचं मूळ ड्रॉइंग कुठे आहे? सगळ्यात पहिलं. तारखेसह."

"कागदावर नाहीये, मॅडम. मी थेट स्किनवर काढते."

"मग सगळ्यात पहिली निवटी कोणाच्या स्किनवर आहे? ती व्यक्ती सांगेल का?"

मॅडम थांबल्या. मला माहीत होतं की त्या एक्केचाळीस जणांतला एकही माणूस आता आमच्या घरासाठी साक्ष द्यायला येणार नाही. हे मीच करून ठेवलं होतं.

"प्राची, सांग की," मी स्क्रीनला म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "मी प्रॉमिस केलंय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वैजयंती आली. पदराला हात पुसले, माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "नमस्कार. पहिली माझ्यावर आहे." आणि तिने ब्लाउजची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारली.

वैजयंतीच्या दंडावर लहानपणी देवीची लस टोचल्याचा रुपयाएवढा वण आहे. तो मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. तो दिसू नये म्हणून ती कायम लांब बाह्या शिवते, हेही माहीत आहे. त्या वणाच्या बिळातून एक निवटी वर येत होती. वण म्हणजेच तिचा चिखल. त्याच्या सुरकुत्या तशाच ठेवून प्राचीने कडेने ओल्या मातीच्या रेघा मारल्या होत्या, आणि निवटी एक पर बाहेर टाकून, डोळे वटारून थेट माझ्याकडे बघत होती.

"कधी?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. तुम्ही सोसायटीबरोबर अष्टविनायकाला गेला होतात तेव्हा. याच टेबलवर. मला तो वण आवडायचा नाही, म्हणून म्हटलं पोरीला, काहीतरी कर याचं."

"तीन वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?"

"मोरपीस काढ म्हणाला असतात," वैजयंती म्हणाली. "आणि तुम्हाला दिसायला काय झालं होतं? इथेच तर असते मी."

मी वाकलो. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी ती निवटी पहिल्यांदाच नीट बघत होतो. खरं तर कुठलीच निवटी मी कधी नीट बघितली नव्हती, गिरवली तीसुद्धा. तिच्या अंगावर बारीक ठिपके होते, एकसारखा एकही नाही. पराच्या टोकाला चिखलाचा एक थेंब लोंबत होता, आता पडेल असा. रुपयाएवढ्या जुन्या वणातून माझ्या पोरीने हे एवढं बाहेर काढलं होतं, आणि मी पाच वर्षं लोकांना पाण्याच्या टाकीबद्दल सांगत होतो.

"फार सुंदर काढलंय गं पोरीने," मी वैजयंतीला म्हटलं. "फारच सुंदर. हे मला सात जन्मांत जमणार नाही."

मग बेडरूममधून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तोच आवाज दिल्लीहून परत आला.

"श्यामसुंदरजी, तुमचा माइक चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "राहू द्या. मी लिहून घेतलंय."

प्राचीने तीन वर्षांपूर्वीचा तारखेचा फोटो दाखवला, आईचा दंड आणि मागे हेच टेबल. सुनावणी संपली. त्या रात्री प्राचीने मला स्वतःच्या हाताने आमटी वाढली, पण बोलली नाही. मीही बोललो नाही. घाई केली की बिघडतं.

पंधरवड्याने आदेश आला. इंग्रजीत होता, मी मोठ्याने मराठीत वाचत गेलो. सोफ्यावर वैजयंती, दाराशी प्राची, आणि कसलाही संबंध नसताना नामदेवराव. माझा अर्ज फेटाळला होता. चौतीस वर्षांत माझा एकही अर्ज फेटाळला गेला नव्हता. मी पुढे वाचलं: 'सुनावणीच्या वेळी अर्जदाराने मूळ कलाकृतीचे अवलोकन केले. ती हरकतदारानेच काढली असल्याचे त्याने मान्य केले. तसेच ती फार सुंदर असल्याचे, व आपणांस ती सात जन्मांत जमणार नसल्याचे, त्याने आपणहून नमूद केले. सबब हरकत ग्राह्य धरण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का, तारीख.

नामदेवराव म्हणाले, "अरेरे." मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसले.

प्राचीने माझ्या हातातून कागद घेतला. तो परिच्छेद तिने एकदा वाचला, मग उभ्याउभ्याच पुन्हा वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मला उगाच उठून गॅलरीत जावंसं वाटायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "याची सर्टिफाइड कॉपी मिळते का?"

"मिळते की. अर्ज करावा लागतो."

"मग दोन अर्ज करा. एक कॉपीचा आणि एक निवटीचा." तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. "या वेळी माझ्या नावाने."